बारीक सुईचा शोध

(सुवर्णमहोत्सवी सप्ताहात भगिनी मंडळापुढे आमच्या धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी धर्मगुरूने एखादा भारदस्त विषय घेऊन बोलावे अशी रूढी आहे. श्रद्धा, कुटुंबधर्म, तरुणांचे कर्तव्य या विषयांवर या सप्ताहात विद्वान वक्त्यांची भाषणे झालीच आहेत. आम्ही मात्र आज आपणांपुढे एका सुईविषयी बोलण्यास उभे आहोत. आणि तीही अशी सुई, की जिला नेढेच नाही. शुभवर्तमानातील उंटाने तिची मुळीच धास्ती घेऊ नये! क्रोशाची ही सुई पोलादाची असते, लांबीने वीतभरही भरत नाही, आणि तिच्या टोकाशी असलेली खाच इतकी बारीक असते, की पन्नाशी उलटलेल्या आमच्यासारख्या माणसास ती चष्म्यावाचून दिसत नाही. इतक्या लहान वस्तूसाठी आम्ही गेले आठ महिने का हिंडलो, आणि त्या हिंडण्यात आम्हांस काय सापडले, ते सांगावे म्हणून हा विषय घेतला आहे. त्याचा आरंभ आमच्याच एका अपराधापासून होतो. तेव्हा तो आधी सांगून टाकणे बरे.

पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही याच देवळात धाकटे पाद्री म्हणून आलो, हे येथील वडीलधाऱ्यांस आठवत असेल. त्या काळी सणासुदीला मुख्य वेदीवर एक शुभ्र वस्त्र अंथरीत असत. त्याच्या पुढील कडेस वीतभर रुंदीची लेस होती. तीत द्राक्षांचे घोस आणि गव्हाची कणसे एकाआड एक विणलेली. गावातील एका विधवा बाईने दिवसभर वाडीत राबून, रात्री दिव्यापाशी बसून, तीन वर्षांत ती पुरी केली होती. आम्ही तर सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलेले. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात पवित्र वस्त्रांमध्ये नुसत्या डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्याकडे लक्ष असावे असे सांगितले आहे, हे आम्ही पाठ केले होते. पाठ केले होते, पचविले नव्हते. लेस म्हणजे डामडौल, असा सोपा हिशेब मांडून आम्ही ते वस्त्र पेटीत ठेवविले. पुढे पाहुणे यावयाचे म्हणून वेदी ओकीबोकी दिसू नये, असे कोणी सुचविले, तेव्हा मुंबईहून गजाच्या भावाने यंत्राची लेस आणून नव्या वस्त्रास लावली. म्हणजे उदात्त सौंदर्य पेटीत गेले आणि डामडौल विकत आला, तोही स्वस्तातला.

त्या बाईंस आम्ही हे सांगितले, तेव्हा त्या इतकेच म्हणाल्या, "बरं, फादर." पुढे त्या रोज मिस्सेला येत राहिल्या. त्या विषयाचा उच्चार त्यांनी पुन्हा केला नाही, आणि त्यांच्या हातून देवळासाठी पुन्हा काही विणलेही गेले नाही. त्या वारल्यास आता अठरा वर्षे झाली.

महोत्सवाच्या तयारीसाठी आम्ही वस्त्रागारातील जुन्या पेट्या उघडल्या, तेव्हा ते वस्त्र हाती आले. सर्व लेस धड होती. एका कोपऱ्यात मात्र चार बोटे जागा तांबडी होऊन कुजली होती. तेथे एक टाचणी होती, आणि त्या टाचणीने अडकविलेल्या चिठ्ठीवर आमच्याच अक्षरात "जुने" असा एक शब्द होता. लोखंडाचा गंज सुताला कसा खातो, ते त्या दिवशी आम्ही पाहिले.

महोत्सवाच्या मिस्सेला वेदीवर हेच वस्त्र असावे, असे आम्ही तेथेच ठरविले. त्या बाईंची एक भाची पलीकडच्या आळीत राहते. वय ऐंशीच्या घरात. मावशीच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी ती एकटीच उरली आहे. वस्त्र मांडीवर घेऊन ती बराच वेळ त्या कोपऱ्यावर बोट फिरवीत राहिली. मग म्हणाली, "हाताला येतंय माझ्या अजून, फादर. पण एवढी बारीक सुई आणायची कुठून? माझी होती ती घर पाडून बांधलं तेव्हा गेली."

भगिनींनो, आमचा शोध येथून सुरू झाला.

प्रथम प्रश्न असा, की बारीक म्हणजे किती बारीक? मूळ सुई नाही, दोऱ्याचा गुंडाही नाही. साक्षीला केवळ लेस. भाचीबाईंनी युक्ती केली. लेसीवर फूटपट्टी ठेवून एका इंचात किती खांब बसले आहेत ते मोजले. ते एकोणीस भरले. मग तालुक्याच्या बाजारात मिळालेली सर्वांत बारीक सुई, १ मिलिमीटरची, आणि २० नंबरचा दोरा घेऊन त्यांनी नमुना घातला. त्यात त्याच एका इंचात बाराच खांब बसले. बारा खांबांचे ठिगळ एकोणीस खांबांच्या लेसीत कसे बसावे? कणीस फुगून भोपळ्यासारखे दिसू लागले.

ज्यांनी हे काम कधी केले नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोऱ्याचा नंबर जसजसा वाढतो तसतसा दोरा बारीक होतो. १० नंबरचा दोरा जाड, ८० नंबरचा केसासारखा. सुई ही दोऱ्याच्या मागोमाग चालते. १० नंबरच्या दोऱ्याला साधारण दीड मिलिमीटरची सुई चालते. २० नंबरला सव्वा ते एक. ४० नंबरला एक किंवा त्याहून किंचित कमी. ६० आणि ८० नंबरच्या दोऱ्याला पाऊण मिलिमीटर ते ०.६ मिलिमीटर, आणि १०० नंबरचा दोरा घेतला तर ०.५ मिलिमीटरपर्यंत खाली उतरावे लागते. विणणारीचा हात सैल की घट्ट यावर यात थोडा फरक पडतो. पण तत्त्व एकच: खाचेत दोरा पुरता बसला पाहिजे, आणि सुईचे डोके मागल्या टाक्यातून तो टाका न ताणता निघाले पाहिजे. सुई दोऱ्यापेक्षा जाड झाली तर लेस जाळ्यासारखी भोकाभोकांची होते. फारच बारीक झाली तर दोरा निसटतो आणि त्याचे पदर फाटतात. एवढ्या बारीक सुईला लाकूड, हाड किंवा ॲल्युमिनियम टिकत नाही, लगेच वाकते किंवा मोडते. म्हणून ती पोलादाचीच असावी लागते.

दुसरा धडा आम्ही पैसे घालवून शिकलो. कोणी सांगितले, १४ नंबरची सुई मागवा. आम्ही टपालाने मागविली. आली ती पाऊण मिलिमीटरची. दुसरीकडून १४ नंबरचीच मागविली, तर ती अर्ध्या मिलिमीटरची निघाली. दुकानदार लबाड नव्हते. अमेरिकेत पोलादी सुयांचा १४ नंबर म्हणजे ०.७५ मिलिमीटर, आणि जपानी लेससुयांचा १४ नंबर म्हणजे ०.५० मिलिमीटर, प्रत्येक देशाने आपापले आकडे लाविले आहेत. तेव्हा आपणांपैकी कोणी सुई मागविणार असेल तर नंबर मागू नये, मिलिमीटर मागावे. दांड्यावर मिलिमीटर कोरलेले असतील तर उत्तम. झिजून गेले असतील तर सोनाराच्या किंवा मेकॅनिकच्या व्हर्नियरने मोजून घ्यावे. मापाला भाषा नसते.

मुंबईत आम्ही दोन दिवस हिंडलो. सुया, दोरे, बटणे यांच्या दुकानांत विचारले. बहुतेक ठिकाणी लोकरीच्या विणकामाच्या जाड, रंगीबेरंगी मुठींच्या सुया पुढे आल्या. एका वृद्ध दुकानदाराने आमचे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाबाजी, पूर्वी ठेवायचो. मागणारं कोणी येईना, म्हणून आणणं सोडलं." हे वाक्य आम्ही घरापर्यंत घेऊन आलो. सुई कोणी बंद पाडली नाही, कोणी तिच्यावर बंदीही घातली नाही. ती मागणारी माणसे संपली म्हणून ती दुकानातून गेली. आणि मागणारी माणसे का संपली? कारण विणणाऱ्या बाईस कोणी तरी म्हणाले, की हे जुने झाले. आमच्या मनात तेव्हा कोणाची चिठ्ठी आली असेल, ते आपण ओळखालच.

पुढे शोधाने वेगळेच वळण घेतले, कारण आमच्या तरुण मुलींनी तो हाती घेतला. त्यांनी असा विचार केला, की लेसवाल्यांपाशी सुई नसेल तर इतक्या बारीक आकड्याची गरज आणखी कोणत्या धंद्यास लागते? विचार मार्मिक होता. केसांच्या जटा वळविणाऱ्या सलूनमध्ये जटेतले सुटे केस आत ओढून घेण्यासाठी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या क्रोशाच्या सुया वापरतात, आणि त्या आज सर्रास विकल्या जातात. केसांचे टोप बनविणारे कारागीर जाळीवर एकेक केस गाठविण्यासाठी त्याहूनही बारीक आकडा वापरतात. मणी ओवून क्रोशे करणाऱ्यांनाही अशाच सुया लागतात. आणि आपल्याच देशात जरदोजीच्या कारागिरांची आणि कच्छच्या मोची भरतकामाची आरी आहे. ती कापडाखालचा दोरा टाक्याटाक्याने वर ओढते. युरोपात अठराव्या शतकात जे टांबूर नावाचे भरतकाम फोफावले, ते याच जातीच्या आकड्याने होत असे. आणि खालचे कापड काढून टाकून तोच टाका नुसत्या दोऱ्यावर घालू लागले तेव्हा क्रोशे जन्मास आले, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. फ्रेंच भाषेत क्रोशे म्हणजे लहान आकडा. मात्र आरीचे टोक कापड भेदण्यासाठी तीक्ष्ण केलेले असते. लेसीला ती वापरली तर दोऱ्याचे पदर फोडते आणि बोटही रक्ताळते. ते टोक दगडावर घासून बोथट केल्यावाचून ती कामाची नाही.

अशी कोठूनही सुई मिळाली तरी ती पारखून घ्यावी. खाच आतून गुळगुळीत आहे की नाही हे डोळ्यांस कळत नाही. जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून किंवा रेशमी चिंधीवरून टोक हलकेच ओढावे. अडकले तर समजावे की खाचेत कुसळ आहे. अगदी बारीक पॉलिशकागदाने ते घासून काढावे. दुसरे असे, की डोक्यामागचा दांडा काही अंतर तितकाच बारीक असावा. तो लगेच जाड होत गेला तर टाके सुईवर चढताच ताणले जातात, आणि प्रत्येक खांब वेगळ्या उंचीचा होतो.

आता आपण म्हणाल, परदेशी सुई आली, काम झाले, मग एवढा पाल्हाळ का? पण भाचीबाई म्हणाल्या, "ही एक मोडली की पुन्हा तुम्ही मुंबईला जाणार का?" तेव्हा सुई येथेच बनविता येईल का, असा प्रश्न पडला; आणि त्याचे उत्तर आम्हांस आयर्लंडच्या इतिहासात मिळाले.

आयर्लंडात १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याचे पीक रोगाने जळून महादुष्काळ पडला. दहा लाखांच्या आसपास माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. शेतात काही उरले नाही, तेव्हा बाईच्या हातातील दोरा पुष्कळ घरांचा आधार झाला. कॉर्कजवळ ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन धर्मभगिनींनी मुलींस क्रोशाची लेस शिकविली. मोनॅहन परगण्यातील क्लोन्स या गावी १८४७ साली कॅसँड्रा हँड या बाईंनी हेच काम सुरू केले. त्या तेथील प्रॉटेस्टंट पाळकाच्या पत्नी होत्या, हे मुद्दाम सांगतो. भुकेला पंथ नसतो, आणि सुईलाही नसतो. जुन्या व्हेनिसच्या लेसीचा एक एक तसू घालावयास सुईकाम करणारीला फार दिवस लागत. क्रोशाने तसाच देखावा पुष्कळ लवकर साधे, म्हणून ही लेस विकली गेली आणि कित्येक घरी चूल पेटली.

पण आमच्या मतलबाची गोष्ट निराळी आहे. त्या गरीब घरांत सुया कोठल्या दुकानातून आल्या? पुष्कळदा आल्याच नाहीत. ताठ तारेचा तुकडा किंवा शिवणाची सुई घेऊन तिचे टोक घासीत, वाकवून त्याचा इवलासा आकडा करीत, आणि दुसरे टोक लाकडाच्या किंवा बुचाच्या तुकड्यात खोचून मूठ करीत. ज्या लेसी पुढे श्रीमंतांच्या गळ्यांत शोभल्या त्यांची आयुधे ही अशी होती.

हे वाचून आम्ही आमच्या गावच्या सोनाराकडे गेलो. त्याने ऐकले, हसला, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची शिवणसुई घेऊन कामाला लागला. त्याने केलेली कृती आपणांस सांगतो, कारण ती घरोघरी ठाऊक व्हावी. सुईचे पोलाद कडक असते, कानस त्यावरून घसरते. म्हणून नेढ्याकडचे टोक लाल होईतो तापवून हळूहळू निवू दिले. मग नेढ्याची एका बाजूची कडा तिरपी घासून उघडली. नेढे एकीकडून फुटले की उरलेला भाग हाच आकडा. त्याचे टोक गोल केले, आतली बाजू घासून गुळगुळीत केली, पुन्हा तापवून पाण्यात बुडविले, म्हणजे ते कडक झाले. पण तसे ठेवले तर काचेसारखे तडकते, म्हणून गवती पिवळा रंग येईतो हलकेच तापवून थोडे मऊ केले. शेवटी बांबूच्या कांडीत ती बसविली. पहिल्या तीन मोडल्या, चौथी साधली. हे काम करणाऱ्याने डोळ्यांवर चष्मा अवश्य घालावा. पोलादाची कपची उडते.

भाषणाच्या आरंभी आम्ही थट्टेने म्हणालो, की या सुईला नेढे नाही. तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते, की नेढे फोडूनच ती होते.

टॅटिंग करणाऱ्या भगिनींसही येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण बारीक सुईची अडचण त्यांना अधिकच भासते. टॅटिंग हे धोट्याने होते; गाठींची वर्तुळे आणि कमानी यांनी लेस बनते. पण एक वर्तुळ दुसऱ्यास जोडावयाचे असते तेव्हा पिकोमधून, म्हणजे कडेच्या त्या लहान फाशातून, दोरा ओढून घ्यावा लागतो. साडीला आपण पिको करून घेतो, तोच हा शब्द. पिको जितका लहान, तितकी लेस सुबक. आणि पिको जितका लहान, तितकी सुई बारीक. ८० नंबरच्या दोऱ्यावर काम करणारीला अर्ध्या मिलिमीटरची सुई हाताशी हवीच. काही धोट्यांच्या टोकालाच आकडा असतो. पण बारीक दोऱ्याला तो बहुधा जाड पडतो. तेरेझ द डिलमाँ या बाईंनी १८८६ साली स्त्रियांच्या हस्तकामाचा जो कोश छापला, त्यात क्रोशे आणि टॅटिंग या दोहोंस स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत. या कलांस त्या काळी किती मान होता ते त्यावरून दिसते.

सुई मिळाली तरी आपल्या खाऱ्या हवेत ती टिकविणे हे दुसरे काम. वापर झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसावी, शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात फिरवून फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळावी. पुन्हा वापरण्यापूर्वी तेल पुसून काढावे. विणलेल्या लेसीत सुई खोचून ठेवू नये. आणि टाचणी तर कधीच नाही! पांढऱ्या सुतावर गंजाचा ताजा डाग पडलाच तर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात धरावे, मग स्वच्छ धुवावे. विणताना मांडीवर काळे कापड घ्यावे, म्हणजे पांढरा टाका डोळ्यांस दिसतो. आणि भाचीबाईंचा नियम असा, की दिवसाच्या उजेडात तासाभरापेक्षा अधिक बसावयाचे नाही.

आता शेवटची आणि आम्हांस सर्वांत जड वाटणारी गोष्ट. आम्ही पंचवीस वर्षांपूर्वी यंत्राची लेस आणली असे सांगितले. १८८० च्या दशकात स्वित्झर्लंडात आणि जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात अशी रीत निघाली, की यंत्राने कापडावर दाट भरतकाम करावयाचे आणि मग रसायनाने खालचे कापड विरघळवून टाकावयाचे. उरते ते लेसीसारखे दिसते. आमची लेस त्याच जातीची होती. ती क्रोशाची नक्कल होती, क्रोशे नव्हे. खऱ्या क्रोशाचा टाका बाजारासाठी घालणारे यंत्र आजही कारखान्यांत रूढ झालेले नाही. याचा अर्थ नीट ध्यानी घ्या. बाजारात खऱ्या क्रोशाची कोणतीही वस्तू आपण पाहिली, कितीही स्वस्त असो, तर तिच्यामागे कोणाचा तरी हात आहे. ती स्वस्त असेल तर सूत स्वस्त म्हणून नव्हे, तो हात स्वस्त धरला म्हणून.

आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात मिशनरींनी क्रोशाची लेस नेली, आणि आजही तेथील हजारो स्त्रिया ती विणतात. मारिया मीस या जर्मन विदुषीने त्यांच्यावर १९८२ साली एक ग्रंथ लिहिला. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की या स्त्रिया परदेशी बाजारासाठी दिवसाचे कित्येक तास राबत होत्या. पण त्या गृहिणी आहेत, रिकामा वेळ घालवीत आहेत, असे समजून त्यांच्या हाती नाममात्र मजुरी पडे. धर्मकार्यासाठी आपण विणून घेतो तेव्हा आपलाही हिशेब असाच असतो की नाही? "बाई घरीच असते, देवाचे काम आहे, फुकट करील." देवाचे काम फुकट करावयाचे की नाही हे त्या बाईने ठरवावे, आपण तिच्यासाठी ठरवू नये. म्हणून या दुरुस्तीची मजुरी धर्मग्रामाच्या खात्यातून दिली आहे, आणि जमाखर्चात ती "किरकोळ" या सदराखाली न लिहिता "लेसकाम" या सदराखाली लिहिली आहे.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो गावच्या टबीथेची कथा आहे. तिला दुर्कसही म्हणत. ती वारली तेव्हा पेत्राला बोलावून आणिले, आणि माडीवर गावच्या विधवा त्याच्याभोवती रडत उभ्या राहिल्या. त्यांनी तिचे गुणवर्णन केले नाही. तिने शिवलेली वस्त्रे त्याच्यापुढे धरिली. सेमिनरीत आम्ही या कथेतील चमत्कारावर परीक्षा दिली. ती वस्त्रे आमच्या ध्यानी आली ती यंदा, एक कुजका कोपरा हाती धरून. पेत्राने ती वस्त्रे पाहिली, एवढे तरी आम्ही पंचवीस वर्षांपूर्वी करावयास हवे होते. ज्यांची क्षमा मागावयाची त्या बाई आता येथे नाहीत. म्हणून ती आम्ही आपणां सर्वांसमक्ष मागतो.

येत्या रविवारी महोत्सवाच्या मिस्सेला ते वस्त्र वेदीवर असेल. डाव्या कोपऱ्यातील चार बोटे नव्या सुताची आहेत आणि ती जुन्याहून पांढरी दिसतात. ती चहात बुडवून जुन्यासारखी करावी, असे कोणी सुचविले होते. भाचीबाईंनी नको म्हटले, आणि आम्हांसही ते पटले. दुरुस्ती दिसली तर दिसू द्यावी. काम परदेशी ०.६ मिलिमीटरच्या सुईने झाले. सोनाराने केलेली सुई एका तेरा वर्षांच्या मुलीच्या हाती आहे. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी दर रविवारी मिस्सेनंतर भाचीबाईंच्या ओटीवर बसतात. तिघींपैकी एकीचे खांब आताच एका इंचात सतरा बसू लागले आहेत.

आपणांकडे आमचे मागणे लहान आहे. आपल्या आजीच्या, मावशीच्या शिवणाच्या डब्यात तळाशी एखादी गंजलेली, नाव पुसलेली बारीक सुई पडली असेल. ती फेकू नका, भंगारात घालू नका. ती घासून, मोजून, कोणाची होती ते विचारून घ्या, आणि विणावयास शिकू पाहणाऱ्या मुलीच्या हाती द्या. आणि दुकानात जाल तेव्हा, घ्यावयाची नसली तरी, बारीक सुई आहे का, असे एकदा विचारीत जा. मागणारे कोणी आहे एवढे दुकानदारास कळले, तर ती पुन्हा फळीवर येईल.

परमेश्वर आपल्या हातांच्या कामास आशीर्वाद देवो. आमेन.